आयुष्मान कार्ड न काढणे हा तरुणांचा आळस आहे का?

कसबा बावडा : ‘तिशीच्या आतली मुले केवळ आळसाने आयुष्मान कार्ड काढत नाहीत,’ हे राजारामपुरीच्या काकांचे विधान वाचून राहवले नाही. राज्याने 2023 मध्ये आयुष्मानला जोडलेल्या महात्मा फुले मोफत उपचार योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही त्यात घेण्याचा निर्णय केला, हे मलाही ठाऊक आहे. पण आयुष्मान कार्डासाठी मुळात रेशनकार्डात नाव तर हवे! लग्नानंतर गडहिंग्लजच्या माहेरच्या कार्डातून माझे नाव कमी झाले आणि सासरच्या कार्डात चढायला सात महिने गेले. पुढे ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला बसले, तर आधारला नंबर वडिलांचा. ते ऊसतोडीच्या फडात, जवळ चष्मा नाही. शेजारच्या पोराकडून आकडे वाचून घेईपर्यंत ओटीपीची मुदत संपली. असे तीनदा झाले.

राजारामपुरी : ताई, ओटीपी मिळत नसेल तर बोटाच्या ठशावरही काम होते, तुम्ही विचारायला हवे होते. माझ्या पुतण्याने घरबसल्या मोबाइलवर कार्ड काढले.

कागल एमआयडीसी : आमची अडचण निराळी आहे. पगार 21 हजारांच्या आत असल्याने ईएसआयसाठी, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी माझा पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. ठेकेदार बदलला तेव्हा नव्या ठेकेदाराने जुना विमा क्रमांक न विचारताच दुसरा काढला आणि आईच्या उपचारांच्या वेळी आधीचे हप्ते जुळेनात. हाही आमचाच आळस का?

कसबा बावडा : ठशाचे विचारले होते, यंत्र बंद होते. आणि काका, तुमच्या पुतण्याचे नाव जन्मापासून एकाच कार्डात आहे. घर बदलावे लागते ते मुलीला, आणि नेमके त्याच काळात ती कोणत्याच कार्डात नसते. आजारपण काही पुरवठा कार्यालयातला अर्ज निकाली निघेपर्यंत थांबत नाही.

राजारामपुरी : लग्न होऊन आलेल्या मुलींपुरता माझा शब्द मागे घेतो, ठेकेदाराकडे राबणाऱ्यांपुरताही घेतो. मात्र नाव, नंबर सारे जागेवर असूनही ‘मला काय होणार आहे’ म्हणणारी डझनभर पोरे माझ्या गल्लीत आहेत. त्यांच्याबाबतचे मत बदलणार नाही.

कसबा बावडा : त्यांना जरूर बोला, मीही बोलेन. पण माझ्या धाकट्या जावेचे नाव अजून चढलेले नाही आणि तिची मुतखड्याची शस्त्रक्रिया सोमवारवर आली आहे.