ग्रीन कार्ड आहे, तरी उच्चारावरून नकार: तक्रार कुठे?

प्रश्न
अमेरिकेतली कंपनी, साधारण ४० माणसं. उमेदवाराकडे ग्रीन कार्ड आहे. रिक्रूटरने फोनवर आधी "मूळचे कुठले?" विचारलं, मग "क्लायंटला तुमचे उच्चार कळणार नाहीत" म्हणून नकार कळवला. जाहिरातीत "फक्त यूएस सिटिझन" असंही होतं. तक्रार ईईओसीकडे (नोकरीतला भेदभाव पाहणारा केंद्रीय आयोग) करायची की न्याय खात्याकडे?

कलमबहाद्दर
दोन्हीकडे, पण मुद्दे वेगळे. मूळ देशावरून भेदभाव झाला तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल ७ लागतं. त्याला किमान १५ कर्मचारी लागतात, म्हणून ४० वाल्या कंपनीसाठी ईईओसी. (४ ते १४ असते तर न्याय खात्याचा आयईआर, म्हणजे स्थलांतरित व कर्मचारी हक्क विभाग.) "फक्त सिटिझन" हा नागरिकत्वाचा मुद्दा, तो आयईआरकडेच जातो. एखाद्या कायद्याने किंवा सरकारी कंत्राटाने तशी अट घातली असेल तर मात्र ती चालते.

उच्चाराचं कारण तेव्हाच टिकतं, जेव्हा कामात बोलणं महत्त्वाचं असतं आणि उच्चारामुळे ते खरोखर अडतं. दिवसभर सपोर्ट कॉल घ्यायचे असतील तर वाद होऊ शकतो. बॅकएंड कोड लिहायचा असेल तर कंपनीला हे कारण पटवणं जड जाईल.

मुदतवाला
आयईआरची मुदत १८० दिवस. ईईओसीचीही १८०, राज्यात तशीच यंत्रणा असेल तर ३००. १८० च धरा. बरेच जण इथेच फसतात: पोर्टलवर नुसती चौकशी नोंदवली की तक्रार झाली असं समजतात. सही केलेला 'चार्ज' (रीतसर तक्रारअर्ज) दाखल होईपर्यंत ती तक्रार नव्हे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या ती गायब होते. फोन परस्पर रेकॉर्ड करू नका, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत सगळ्यांची संमती लागते. त्याऐवजी तारीख, वेळ आणि रिक्रूटरचे नेमके शब्द लिहून ठेवा.

प्रश्नकर्ता
हेच एच-वन-बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) वर असतं तर?

कलमबहाद्दर
नागरिकत्वाच्या कलमाचं संरक्षण त्यांना नाही, आणि स्पॉन्सरशिप नाकारणं कायदेशीर आहे. मूळ देशाचा दावा मात्र करता येतो.

मुदतवाला
पुढे कुठे ऑफर आलीच तर आय-नाईन (काम करायची परवानगी तपासण्याचा फॉर्म) भरताना "ग्रीन कार्डच दाखवा" असा आग्रह कंपनीला धरता येत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स आणि कामावर निर्बंधाचा शिक्का नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड पुरतं. कोणते कागद द्यायचे ते उमेदवार ठरवतो.