सूडाची 'प्रेरणा' असते का?

गोदाकाठ: आमच्या चित्रपट मंडळात इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचे वेस्टर्न सिनेमे दाखवणार आहोत. पात्रांच्या मोटिव्हेशनवर मराठीत टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलंय. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) मधल्या हार्मोनिका नावाच्या नायकाबद्दल मी लिहिलं, 'सूड हीच त्याची प्रेरणा'. मंडळातल्या एका काकांनी प्रेरणाखाली लाल रेघ ओढली. म्हणे प्रेरणा सत्कृत्याची असते. 'हेतू' लिहावं तर गुन्हेवृत्त वाचल्यासारखं वाटतं. काय वापरावं?

माजघर: काकांचं पटत नाही. प्रेरणं म्हणजे पुढे ढकलणं, त्यात बरंवाईट काही नाही. बक्षीस समारंभातल्या भाषणांनी तो शब्द सोवळ्यात नेऊन ठेवलाय. मात्र हेतू आणि प्रेरणा एक नव्हेत. हेतू पुढे दिसत असतो, प्रेरणा मागून रेटते. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'तला टुको घ्या. हेतू काय, तर कबरीत पुरलेले दोन लाख डॉलर. पण मठात पाद्री झालेला भाऊ भेटतो, तेव्हा टुको त्याला सुनावतो की आपल्या मुलखात भुकेनं मरायचं नसेल तर पाद्री व्हायचं नाहीतर डाकू. तू तुझी वाट धरलीस, माझी जास्त अवघड होती. प्रेरणा ती.

वेताळटेकडी: 'सूड' लिहिलंत हे उत्तम. हल्ली जो तो 'बदला' लिहितो, हिंदी सिनेमाची कृपा. सूड आपला, मधुसूदनातल्या 'सूदन'वरून, म्हणजे मारणारा यावरून आलेला असावा.

सह्यकडा: बदला परका कसा? बदल, बदली, अदलाबदल चालतात ना? मूळ अरबी, पण कधीच घरचं झालेलं. आणि हार्मोनिकाला तोच शब्द नेमका बसतो. त्याच्या थोरल्या भावाच्या गळ्यात फास, भाऊ उभा याच्या खांद्यावर, आणि खलनायक फ्रँक त्या पोराच्या, म्हणजे हार्मोनिकाच्या, तोंडात माउथऑर्गन कोंबतो. पोर कोसळलं की भाऊ लटकणार. शेवटी फ्रँक मरायला टेकल्यावर विचारतो, तू कोण? हा बोलत नाही, तोच माउथऑर्गन काढून त्याच्या तोंडात कोंबतो. दिलेली वस्तू परत. बदला म्हणजे शब्दशः हेच.

माजघर: सूदनवरून सूड? द चा ड कसा झाला ते दाखवा. माझे आजोबा व्याजाच्या 'सूद'शी जोडायचे, म्हणजे येणं व्याजासकट वसूल.

वेताळटेकडी: दंशाचा डंख होतो तसा.

माजघर: तो शब्दाच्या सुरुवातीला. शेवटी होतो याचं उदाहरण द्या.

आंबोळी: मला तिसराच शब्द सुचतो. आमच्या कोकणात नाग डूख धरतो म्हणतात. 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५) मधला कर्नल मॉर्टिमर तसा आहे. संगीत वाजणारं खिशातलं घड्याळ, आत बहिणीचा फोटो. तसंच दुसरं डाकू इंडिओकडे. मॉर्टिमर सिनेमाभर याबद्दल चकार शब्द काढत नाही. शेवटी गुन्हेगार पकडून पैसे मिळवणारा त्याचा जोडीदार मान्को म्हणतो, फोटोतला चेहरा तुमच्याशी मिळताजुळता दिसतो. तर हा एवढंच म्हणतो की भावाबहिणीत असायचाच. सूड घेतला की संपतो, डूख वर्षानुवर्षं धरावी लागते. तुमच्या टिपणात मॉर्टिमरपुरता तरी हा शब्द घ्याच.

सह्यकडा: आणि तो पैसे न घेता निघून जातो. मागे मान्को गाडीत प्रेतं रचत प्रत्येकाची किंमत मोजतोय आणि बेरीज जमत नाही, कारण एक जण अजून जिवंत आहे. एकाच फ्रेममध्ये एकाचा हिशेब चुकता झालाय आणि दुसऱ्याचा चुकतोय. यावर लिहाच.

पाणवठा: मान्को म्हणजे आपल्याकडचा सुपारी घेणारा ना?

आंबोळी: अजिबात नाही. सुपारी खाजगी माणूस देतो, कायद्याच्या पाठीमागून. याला पैसे शेरीफ देतो, उघडपणे. भाडोत्री मारेकरीही म्हणू नका. 'इनामावर जगणारा' म्हणा.

गोदाकाठ: मूळ प्रश्न राहिला. प्रेरणा की हेतू?

माजघर: कधीकधी दोन्ही न सांगणंच बरं. 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये (१९६४) नायक मारिसोल नावाच्या बाईच्या कुटुंबाला सोडवतो. ती विचारते, का? तो म्हणतो, तुझ्यासारखी एक ओळखीची होती, तिच्या मदतीला कोणी नव्हतं. बस. अमेरिकी टीव्हीला तेवढं पुरेना. त्यांनी सुरुवातीला वेगळा प्रसंग चित्रित करून जोडला, ज्यात तुरुंगाधिकारी नायकाला माफीच्या बदल्यात गाव साफ करायला धाडतो. नायकाला हेतू चिकटवला आणि त्याचं गूढ घालवलं. काकांना हे जरूर सांगा.

वेताळटेकडी: पण 'इनाम' चालणार नाही. इनाम म्हणजे सरकारातून मिळालेली जमीन. डोक्यावर लावतात ते बक्षीस.

पाणवठा: आमच्या जत्रेत कुस्तीचं इनाम रोखच देतात. जमीन कुठली?

वेताळटेकडी: मग इनामदार हा शब्द काय कुस्तीवरून आला?