मदत हवी आहे: घडीच्या वर्कबेंचवर रंधा मारताना बेंचच सरकतो, काय करावं?

ठाणेकरीण

नमस्कार. फ्लॅटमध्ये सुतारकाम करणारे कोणी इथे असतील तर त्यांचा सल्ला हवा आहे.

आजोळचा जुना सागवानी पलंग मोडायला काढला होता. त्याच्या फळ्या भंगारात घालवायला जीव झाला नाही. त्यातून लेकीसाठी पुस्तकांचं कपाट करायला घेतलंय. दोन उभ्या फळ्या पाच फुटी, आडवे कप्पे अडीच फुटी आणि पाठीला पातळ प्लाय. जागा म्हणजे हॉलचा बाल्कनीकडचा कोपरा. संध्याकाळी तिथेच अभ्यासाची सतरंजी पडते, म्हणून काम झालं की सगळं आवरून भिंतीला लावावं लागतं. कायमचं टेबल ठेवणं शक्यच नाही. म्हणून ऑनलाइन घडीचा वर्कबेंच मागवला. लोखंडी पाय, वर दोन फूट लांबीच्या एमडीएफच्या (लाकडाचे धागे दाबून केलेल्या बोर्डच्या) दोन फळ्या. त्यातली एक दोन हँडलांनी पुढेमागे होते आणि मधे लाकूड पकडता येतं. सोबत फळ्यांवरच्या भोकांत घालायच्या, लाकूड अडवणाऱ्या चार प्लास्टिकच्या खुंट्या आल्या आहेत. उंची साधारण ८० सेंटीमीटर.

ड्रिल मारायला, कानस किंवा पॉलिशपेपर चालवायला, छोटे तुकडे कापायला हा बेंच फार उपयोगी पडतो. दोन्ही हात मोकळे राहतात हे मोठं सुख आहे. पण रंधा हातात घेतला की अडतं. एक तर गुळगुळीत टाइल्सवर अख्खा बेंच पुढे सरकतो. खाली रबरी मॅट टाकली तर पाय जागच्या जागी राहतात, पण वरचा भाग लांबीच्या दिशेने डुलतो. निम्मा जोर डुलण्यात जातो आणि फळीवर लाटा उठतात.

दुसरी अडचण पाच फुटी फळ्यांची. दोन फुटी पकडीत त्या धरायच्या कशा? आणि रुंद फळी आडवी ठेवून तिच्या पृष्ठभागावर रंधा मारायचा असेल तर या खुंट्यांवर भरवसा ठेवावा का?

बेंच विकून दुसरं काही घ्यायचा विचार नाही. आहे त्यातच काम नीट व्हायला हवं.

सुतारपक्षी

ताई, सरकणं आणि डुलणं हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

आधी डुलण्याचं बघू. बेंच उलटा करा आणि पायांच्या सांध्यांतले सगळे नट-बोल्ट तपासा. घडी घालून-उघडून ते सैल होतात. साधे नट असतील तर ते काढून नायलॉक नट बसवा. त्यात आत नायलॉनचं कडं असतं, त्यामुळे तो थरथरीने सुटत नाही. फार आवळू नका, नाहीतर घडी होणार नाही. एवढ्याने डुलणं कमी होईल, पण जाणार नाही. बेंच वजनाला हलका आहे आणि रंध्याचा जोर आडवा असतो, तो कुठेतरी जाऊन टेकायला हवा. म्हणून ज्या दिशेने रंधा ढकलता त्या दिशेचं बेंचचं टोक भिंतीला भिडवा. मधे योगा मॅटचा तुकडा आणि एक लाकडी ठोकळा घाला म्हणजे रंग खरवडणार नाही. आता तुमचा जोर भिंत घेते. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय हाच.

सरकण्यासाठी १९ मिमी प्लायचा साधारण तीन बाय तीन फुटांचा तुकडा घ्या. त्याच्या खालच्या बाजूला रबरी मॅट चिकटवा. बेंचचे मागचे दोन पाय आडव्या पट्टीखाली किंवा यू-क्लॅम्पने त्या प्लायला धरून ठेवा, आणि काम करताना तुम्हीही त्याच प्लायवर उभ्या राहा. तुमचं स्वतःचं वजन बेंचला दाबून धरतं. एकटा बेंच हलका असतो, माणसासकट तो हलका राहत नाही. काम झालं की प्लाय बेंचमागे भिंतीला उभा करायचा.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. रंध्याला धार आहे का? बोथट पात्याला दुप्पट जोर लागतो आणि तो सगळा बेंच खातो. जाड काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर चिकटवून पातं घासा. आधी ४०० नंबरचा, मग ८००, शेवटी २०००. पात्याचा उतार २५ ते ३० अंशांच्या मधे ठेवा. रंध्याच्या बुडावर मेणबत्ती एकदा फिरवा, तो लगेच घसरू लागतो. आणि पातं इतकं कमी बाहेर काढा की ढलपीतून उजेड दिसेल. जुनं सागवान आहे म्हणता, तर धार लावण्याआधी प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवा. पलंगाच्या फळीत मोडलेला एक खिळा जरी आत राहिला तरी पात्याला खाच पडते.

देवगडचा

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी फक्त पावसाळ्याबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे हे बेंच त्यातच खराब होतात. वरच्या फळ्या एमडीएफच्या असतील तर त्यांना ओलावा सोसत नाही. दाबून बसवलेले लाकडाचे धागे पाणी शोषून फुगतात, आणि फुगवटा सगळ्यात आधी कडांना आणि खुंट्यांच्या भोकांत दिसतो. आत्ताच, फळ्या कोरड्या आहेत तोवर, कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत सीलरचे दोन हात मारा. वरचा पृष्ठभाग नंतर केला तरी चालेल, कडा थांबणार नाहीत.

हँडलच्या लांब स्क्रूंना ग्रीस लावू नका. ग्रीसला भुसा चिकटतो आणि काही दिवसांत त्याची लापशी होते. मेण घासा. लोखंडी पायांवर जिथे रंग उडालाय तिथे रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या रंगाचा) एक हात द्या. बेंच बाल्कनीत ठेवत असाल तर जूनच्या आधी आत घ्या.

ठाणेकरीण

दोघांचेही मनापासून आभार. भिंतीचा उपाय आजच करून पाहिला, फरक हाताला लगेच जाणवला.

एक राहून गेलं होतं. माझी उंची पाच फूट एक इंच. ८० सेंटीमीटरच्या बेंचवर वर लाकूड ठेवलं की खांदे वर उचलले जातात आणि अर्ध्या तासात मान धरते. यावर काही करता येईल का? पाय कापायचा विचार मनात आला, पण घडीचे सांधे बघून गप्प बसले.

सुतारपक्षी

पाय अजिबात कापू नका, घडीचा सगळा हिशेब बिघडेल.

तुमच्या मानेचं कारण उंचीच आहे, आणि डुलण्यातही तिचा वाटा आहे. रंधा मारायची उंची बघायला सरळ उभं राहून हात खाली सोडायचे. बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत कुठेतरी लाकडाची वरची बाजू यावी. तुमच्या उंचीला ते ६५ ते ७० सेंटीमीटरच्या आसपास पडेल. तेवढ्यावर अंगाचा भार वरून येतो आणि रंधा कंबरेतून ढकलता येतो. बेंच उंच असला की फक्त दंड काम करतात आणि जोर खाली न जाता आडवा जातो, म्हणजे डुलणं पुन्हा वाढतं.

यासाठी उभं राहायला फळ्यांचा एक ठोकळेवजा मंच करा. दहा सेंटीमीटर उंच, बेंचच्या लांबीइतका लांब, आणि पुढेमागे पाय टाकता येईल एवढा खोल. तो अरुंद असेल तर करू नका, कारण रंधा मारताना पाय मागे टाकावाच लागतो आणि मंचावरून घसरलात तर हातात धारदार पातं असेल. मंच त्याच मोठ्या प्लायवर ठेवा. करवत आणि पटाशीच्या कामाला मात्र मंच बाजूला करा. त्या कामाला ८० ची उंचीच बरी, डोळा रेघेच्या जवळ राहतो.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत गॅरेजमध्ये कामं करतो. माझ्याकडे असाच बेंच अनेक वर्षं आहे. पाच फुटी आणि रुंद फळ्यांबद्दल सांगतो.

लांब फळीच्या कडेवर रंधा मारायचा असेल तर फळी उभी करून पकडीत आवळा आणि बाहेर आलेल्या टोकाखाली स्टूल ठेवून त्यावर पुठ्ठ्याचे तुकडे रचत नेमकी उंची साधा. टोक लोंबतं ठेवलं तर रंधा तिथे पोचला की सगळा बेंच कलंडू बघतो. दोन्ही हँडलं वेगवेगळी फिरतात ही या बेंचची मोठी सोय आहे. एका टोकाला निमुळती फळीसुद्धा त्यात घट्ट बसते. जुन्या पलंगाच्या फळ्या क्वचितच दोन्हीकडे सारख्या रुंदीच्या असतात, तेव्हा हे उपयोगी पडेल. हँडलला पाइप लावून आवळायचा मोह टाळा, आतला स्क्रू वाकतो.

रुंद फळी आडवी धरायला खुंट्या चालतात, पण हलक्या हाताने. जास्त आवळलं की फळी मधून वर उचलली जाते, तुम्ही ती सपाट रंधता, आणि सोडली की ती परत खाली बसून मधे खोलगट होते. खुंटी आणि फळी यांच्यामध्ये लाकडी पट्टी घाला म्हणजे दाब पसरेल. खुंटीचं डोकं फळीच्या पृष्ठभागाखाली राहील हे नक्की बघा.

याहून चांगला उपाय म्हणजे वरून लावायचं जादा टेबल. १९ मिमी प्लायचा तीन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या. खालच्या बाजूला मधोमध, लांबीच्या दिशेने, दोन इंच बाय दोन इंचाची पट्टी फेव्हिकॉल आणि स्क्रूंनी घट्ट बसवा. स्क्रूची डोकी प्लायमध्ये खोल बसवा म्हणजे रंध्याला लागणार नाहीत. ही पट्टी बेंचच्या पकडीत आवळली की टेबल हलत नाही. टेबलाच्या एका टोकाला ८ मिमी जाडीची पट्टी आडवी ठोका. फळी तिला टेकवायची आणि तिच्याच दिशेने रंधायचं, बाजूने आवळायची गरजच उरत नाही. लांब फळ्यांचं टेबलाबाहेर येणारं मागचं टोक मात्र इथेही स्टूलवर टेकवा. काम झालं की पट्टी सोडवून टेबल पलंगाखाली सरकवा.

या बेंचमागची मूळ कल्पना रॉन हिकमन यांची. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, लोटस एलान गाडी घडवण्यात मोठा वाटा. १९६१ मध्ये घरी कपाट करताना खुर्चीचा आधार घेऊन करवत चालवली आणि खुर्चीच कापली गेली, त्यातून त्यांना लाकूड धरून ठेवणारा घडीचा बेंच सुचला. अनेक कंपन्यांनी तो नाकारला. शेवटी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक अँड डेकरने ‘वर्कमेट’ नावाने त्याचं उत्पादन सुरू केलं. हे सांगायचं कारण असं की तो जन्मला करवतीच्या आणि पकडीच्या गरजेतून. जड रंधकाम ही त्याची मूळ जबाबदारी नव्हती, म्हणून तिथे त्याला भिंत, वजन आणि जादा टेबल अशी मदत लागतेच.

बैठकवाला

वेगळं मत मांडतो. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम झालं. माझ्या वडिलांनी उभं राहून रंधा मारलेला मी पाहिला नाही. खाली जाड फळी, तिचं टोक भिंतीला टेकलेलं, पुढे लाकूड अडवायला एक अडणी ठोकलेली, आणि लाकूड पायाने दाबून बसून काम. जमीन डुलत नाही, सरकत नाही. पाच फुटी फळीला तर जमिनीसारखा आधार नाही. ताई, तुमच्या उभ्या फळ्या बैठकीवर रंधा. खाचा मारणं, भोकं पाडणं आणि जोडणी बेंचवर करा. बेंचला जे जमतं तेच त्याला द्या.

ठाणेकरीण

बैठकवाला काका, तुमचं म्हणणं पटतं, आणि लहानपणी आजोळी सुतारमामांना असंच काम करताना पाहिलंय. पण माझा डावा गुडघा फार वेळ बसू देत नाही. मध्यम मार्ग आहे का?

बैठकवाला

आहे. गुडघ्याच्या उंचीचं, दीड फूट उंच, फूटभर रुंद बाकडं. त्यावर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, फळी पुढे ठेवायची, अडणीला टेकवायची. बसलेल्या माणसाचं वजन बाकडं हलू देत नाही आणि गुडघा पूर्ण दुमडत नाही. तुमच्या पलंगाचे जाड पाय उरले असतील तर त्यातूनच होईल. कपाट पूर्ण झाल्यावर घरात बसायलाही उपयोगी पडेल.

देवगडचा

सागवानाचा बारीक भुसा नाकाला आणि त्वचेला त्रास देतो, काहींना पुरळ येतं. पॉलिशपेपर चालवताना एन-९५ मास्क लावा आणि मूल आत असताना हॉलमध्ये ते काम करू नका. झाडूने भुसा उडतो, ओल्या फडक्याने पुसा.

ठाणेकरीण

सगळ्यांना कळवते. पायाखालचा प्लाय आणला, बेंचचे मागचे पाय त्यावर पट्टीने धरले, टोक भिंतीला लावलं, पात्याला धार लावली. पहिली पाच फुटी फळी एका बाजूने रंधून झाली आणि लाटा नाहीत. चुंबकाला दोन खिळे सापडले, दोन्ही मोडलेले, बाहेरून अजिबात दिसत नव्हते. जादा टेबलाचा प्लाय दुकानातच मापाने कापून घेतला, त्यांच्याकडे मोठी मशीन आहे आणि कडा सरळ येते. बाकडं पलंगाच्या पायांतूनच करणार आहे.

फक्त नायलॉक नट मिळत नाहीयेत. दुकानदार माप विचारतो आणि माझ्याकडे ते नाही.

सुतारपक्षी

जुना एक नट बोल्टासकट काढून दुकानात घेऊन जा. तो बोल्टावर फिरवून बघेल, माप सांगायची गरज नाही. बोल्ट नटातून निदान दोन आटे बाहेर यायला हवा, नाहीतर नायलॉनची पकड बसत नाही. तेवढी लांबी उरत नसेल तर बोल्टही एका मापाने लांब घ्या. आणि एका वेळी एकच सांधा खोला, सगळे एकदम खोलले तर पाय पुन्हा जुळवताना त्रास होतो.