किलपेकचे चर्च: बाराव्या शतकातील इमारत अँग्लिकन कशी?

शिळाप्रेमी (प्रश्न):
नमस्कार. इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधील किलपेक या खेड्यातले सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड हे चर्च पाहण्याचे योजले आहे. ते ११४० च्या सुमारास बांधले गेले असे वाचले. परंतु इंग्लंडचे चर्च, म्हणजे तिथली धर्मसंस्था (हीच अँग्लिकन), रोमपासून वेगळी झाली ती १५३४ साली. मग त्याला मध्ययुगीन अँग्लिकन चर्च म्हणणे कितपत योग्य आहे? शिवाय वळचणीखाली कोरलेले प्राणी आणि एक नग्न स्त्री धर्मसुधारणेच्या काळात कशी वाचली? तिथे नेमके काय पाहावे, हेही सांगावे.

जुनीवास्तू:
इमारत रोमन कॅथलिक काळातली, आणि तिचा आजचा उपासक समाज अँग्लिकन, असे म्हटले की गोंधळ उरत नाही. राजा आठव्या हेन्रीने धर्मसंस्थेवरची सत्ता पोपकडून स्वतःकडे घेतली तेव्हा गावोगावची चर्चे पाडून नवी बांधली गेली नाहीत. त्याच भिंतींत उपासनेची पद्धत बदलली. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत दगडी वेद्या निघाल्या, भिंतींवरच्या चित्रांना चुना फासला गेला आणि लॅटिनच्या जागी इंग्रजी प्रार्थना आली.

मूर्तिभंजकांचा रोख मुख्यतः लोक ज्यांच्यापुढे प्रार्थना करत अशा प्रतिमांवर होता. वळचणीखालच्या कुत्र्या-सशाची पूजा कोणी करत नव्हते, म्हणून ते सुटले असावेत. मात्र हे स्पष्टीकरण सर्वत्र लागू पडत नाही, कारण आतल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना एकावर एक उभे केलेले संत, त्यांत किल्ली धरलेला पीटरही, आजही जागेवर आहेत.

लालदगड:
आराखडा अगदी साधा आहे: भाविकांचे दालन, त्यापुढे धर्मगुरूंची जागा, आणि पूर्वेला अर्धवर्तुळाकार टोक. बाजूची दालने नाहीत, मनोरा नाही. इंग्लंडमधील असंख्य खेड्यांत चौदाव्या-पंधराव्या शतकात पैसा आला तसे चर्च वाढवले गेले. इथे मात्र किल्ल्याच्या आश्रयाने वसलेले गाव पुढे आक्रसले, आणि माझ्या मते त्या उतरत्या कळेनेच ही इमारत राखली. किल्ल्याचा मातीचा उंचवटा चर्चच्या पश्चिमेला अजून दिसतो.

दक्षिणेच्या दरवाजापाशी घाई करू नये. वरच्या अर्धवर्तुळाकार शिळेवर वेलीसारखा जीवनवृक्ष आहे, डाव्या खांबावर विजारी घातलेले योद्धे वेलींत गुरफटले आहेत, आणि बाहेरच्या कडेने लांबलचक साप कोरले आहेत. लाल वालुकाश्मातली ही रेषा अजून इतकी स्वच्छ आहे, की योद्ध्यांच्या कपड्यांच्या चुण्याही दिसतात. मग इमारतीला पूर्ण वळसा घालून वळचण पाहावी. तिथे पंच्याऐंशीच्या आसपास शिल्पे शिल्लक आहेत. त्या नग्न स्त्रीला शीला-ना-गिग म्हणतात. ती वासनेविरुद्धचा इशारा आहे, की दृष्ट लागू नये म्हणून बसवलेली आहे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. घडवणाऱ्यांनी काहीच लिहून ठेवलेले नाही, म्हणून कोणताही एक अर्थ ठामपणे सांगणे मला पटत नाही.

शिळाप्रेमी:
दोघांचेही आभार. याच कारागिरांचे काम अन्यत्र कुठे आहे का?

लालदगड:
आहे, आणि शॉबडन अवश्य पाहावे. तिथले त्याच शैलीतले चर्च अठराव्या शतकाच्या मध्यास पाडले गेले आणि त्याच्या कोरीव कमानी जमीनदाराच्या उद्यानात टेकडीवर शोभेसाठी उभारल्या गेल्या. छपराविना उघड्यावर राहून त्या इतक्या झिजल्या, की बराच तपशील आता एकोणिसाव्या शतकातील रेखाचित्रांवरूनच समजून घ्यावा लागतो. ही हानी पाहून फार वाईट वाटते. अर्डस्ली आणि कॅसल फ्रोम येथील बाप्तिस्म्याची दगडी पात्रे मात्र चर्चच्या आत सुरक्षित आहेत. अर्डस्लीच्या पात्रावर भाला आणि तलवार घेऊन भिडलेले दोन योद्धे आहेत, त्यांची किलपेकच्या योद्ध्यांशी तुलना करून पाहावी.