मदत हवी आहे: आईसाठी महिलांची प्रार्थनासभा
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आम्ही पुण्यात वडगाव शेरीत राहतो. बाबा मार्चमध्ये प्रभूकडे गेले. आई उपासनेला येते, पण गीत सुरू झालं की पुस्तक मिटून मांडीवर ठेवते. प्रेषित पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांना (फिलिप्पै शहरातल्या मंडळीला) ‘आनंद करा’ असं लिहिलं, हे तिनेच मला शिकवलं. आता म्हणते, तो आनंद सापडत नाही.

पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी त्यांचा विश्वास ढळला नाही, असं मी सांगितलं. आई म्हणाली, “केडगावात, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, त्यांच्याभोवती बायका होत्या रे.” खरंच आहे.

चंदननगर-खराडीकडे मधल्या वारी मराठीतून भरणारी महिलांची प्रार्थनासभा कुणाला माहीत आहे का? तिला जिना चढवत नाही, तळमजला असेल तर फार बरं होईल.