शनिवार-रविवार गोळी बंद? सीएमएलवाल्यांनी हे वाचून मग अंगठे द्या

घोडबंदरकर
परवा आपल्याच सीएमएलच्या, म्हणजे रक्ताच्या एका कॅन्सरच्या, ग्रुपवर एकांनी लिहिलं, ‘इमॅटिनिब वर्षभर घेतली, रिपोर्ट छान आलाय, आता शनिवार-रविवार गोळी बंद. लिव्हरला आराम मिळतो. सोबत गुळवेलीचा काढा.’ खाली अंगठ्यांची रांग! ती बघून डोकं फिरलं, म्हणून एवढं लिहितोय.

अहो, रिपोर्ट छान आलाय तो गोळी रोज पोटात जात होती म्हणून. हा कॅन्सर घडवणारं बिघडलेलं जनुक, बीसीआर-एबीएल, मेलेलं नसतं, दाबून धरलेलं असतं. लंडनला हॅमरस्मिथच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला. डबीच्या झाकणात चिप बसवली होती, झाकण कधी उघडलं ते कळायचं. ज्यांनी ८० टक्के किंवा त्याहून कमी डोस घेतले, त्यांच्यात एकाचाही पीसीआर (रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय त्याची तपासणी) हवा तेवढा खाली गेला नाही. आता तुमचा हिशोब करा. सातातून दोन दिवस गेले की उरले सत्तरच्या आसपास.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणात मध्येच गोळी असते. पोळी-भाजी झाली की ४०० मिलिग्रॅमची गोळी, मोठा पेलाभर पाणी, मग वरणभात. उपाशीपोटी घेतली की हिला हमखास मळमळतं. सकाळी डोळ्यांखाली सूज असते, पोटऱ्यांत गोळे येतात. त्रास आहेच. पण तो ओपीडीत सांगायचा, गोळी मनाने बंद करायची नाही.

वाशीचा_जुना
तो मीच. नाव घेऊन बोला की. रात्री पोटरीत गोळा आला की मी ओरडत उठतो, सकाळी ठाणे लोकलमध्ये उभं राहवत नाही. ओपीडीत नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि आत गेल्यावर दोन मिनिटं. कोणाला सांगायचं? शिवाय फ्रान्समध्ये गोळी कायमची बंद करून पाहिलीय, लोक ठणठणीत आहेत.

घोडबंदरकर
फ्रान्सचं अर्धंच सांगताय. त्यात घेतलेल्या पेशंटांचा आजार किमान दोन वर्षं पीसीआरमध्ये दिसतच नव्हता. बंद केल्यावर सुरुवातीला दर महिन्याला तपासणी होती. तरीही साठ टक्क्यांच्या आसपास लोकांचा आजार परतला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत. लगेच पकडला म्हणून गोळीने पुन्हा आटोक्यात आला. तुमच्या शनिवार-रविवारावर लक्ष कोण ठेवतंय? गोळे सहन होत नसतील तर डॉक्टर ४०० ची ३०० करतात, औषध बदलतात. दोन मिनिटांत पहिलं वाक्य तेच बोला.

नेरूळची_लेक
जेवणात?? आईला तर रिकाम्या पोटी सांगितलीय, दिवसातून दोनदा. कृपया चुकीचं पसरवू नका.

कळवा_फार्मसी
ताई, आईंची निलोटिनिब असणार. तिच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, अन्नाबरोबर ती रक्तात जास्त चढते आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. इमॅटिनिब मात्र जेवणासोबतच. डॅसाटिनिब असेल तर ॲसिडिटीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय नको. आजार एकच असला तरी शेजाऱ्याचा नियम आपल्याला लावू नये.

कोपरीकर
फार्मसीवाले आलेच आहेत तर विचारतो. वडिलांना दर महिन्याला वेगळ्या कंपनीची स्ट्रिप का देता? मागे रंगच वेगळा निघाला. त्यांना वाटलं दुसरंच औषध आलं, त्यांनी गोळ्या उशीखाली ठेवून दिल्या. चादर बदलताना आईला सापडल्या. दुकानदार म्हणतो, ‘कंटेंट सेम आहे काका.’ या जेनेरिकवर माझा विश्वासच नाही.

खारघरचा_भाऊ
जेनेरिकला नावं ठेवू नका. मूळ ब्रँड महिन्याला लाखाच्या वर होता, तेव्हा जेनेरिक दहा हजारांच्या आत मिळायची. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेकचं, म्हणजे इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचं, पेटंट नाकारलं नसतं तर माझ्या भावाने काय केलं असतं? रिक्षा विकून किती महिने निघाले असते?

कोपरीकर
कोर्टाचा इतिहास विचारलाच नव्हता. न सांगता बदलतात, हा माझा प्रश्न आहे. गरिबी मध्ये आणून माझं तोंड बंद करू नका.

खारघरचा_भाऊ
‘विश्वासच नाही’ हे तुमचेच शब्द. ते वाचून उद्या कोणी कर्ज काढून ब्रँड घेईल, नाहीतर गोळीच सोडेल. मग जबाबदारी घेणार का? खारघरला टाटाच्या सेंटरबाहेर एक दिवस उभे राहा, जेनेरिकवर किती घरं चालतात ते दिसेल.

कोपरीकर
मी वडिलांना घेऊन तिथेच जातो. मला शिकवू नका.

कळवा_फार्मसी
न सांगता बदलणं चूकच, आमच्या धंद्यातल्यांनी केलं तरी चूकच. पण वडिलांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्या रंगामुळे, औषध खोटं होतं म्हणून नव्हे. शक्यतो एकाच कंपनीची मागा, बिल ठेवा, बदलली तर डॉक्टरांना कळवा आणि पुढचा पीसीआर चुकवू नका.

वाशीचा_जुना
मुलीने हे सगळं वाचून दाखवलं आणि समोर उभी राहून शनिवारची गोळी घ्यायला लावली. तिच्यासाठी घेतली, तुमच्यासाठी नाही. गुळवेल मात्र सुटणार नाही. आजीपासून चालत आलीय.

घोडबंदरकर
घेतलीत, बरं केलंत. आधीच्या राहिल्या त्या भरून काढायला दोन एकदम घेऊ नका. गुळवेलीचं म्हणाल तर २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी सहा पेशंटांचं लिव्हर बिघडल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयाने ते खोडलं, हेही खरं. पण तुमची गोळीसुद्धा लिव्हरवाटेच जाते. उद्या लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी वाढलं तर डॉक्टरांना कारण कळायला नको? काढा फाइलवर लिहून न्या.

वाशीचा_जुना
लिहून नेतो. थांबवा म्हणाले तर बघू.

कोपरीकर
आणि माझ्या दुकानदाराचं? मागच्या तीन महिन्यांची बिलं काढलीत, तिन्हींवर कंपनी वेगळी. उद्या सकाळी वडिलांना सोबत घेऊनच जातोय.