टक्केवारीआधी कपाती बघा

अमेरिकेत स्वतःचा ट्रक मालवाहतुकीच्या भाड्यातले ८० टक्के देणाऱ्या कंपनीकडे लावायचा की ७२ टक्केवालीकडे, हे नुसत्या आकड्यावरून ठरवू नका. आठवड्याचं भाडं ६,००० डॉलर धरलं तर फरक ४८० डॉलरचा. पण पहिली कंपनी ट्रेलरभाडं २५० आणि विमा ३०० कापत असेल आणि दुसरी काहीच कापत नसेल, तर ७२ टक्केवालीच ७० डॉलरने पुढे. इंधन अधिभार (डिझेलच्या खर्चापोटी ग्राहकाकडून घेतलेली जादा रक्कम) पूर्ण मिळतो का, तेही लेखी घ्या.

अमेरिकी फेडरल नियमांच्या भाग ३७६ प्रमाणे कपाती करारात लिहिलेल्या असाव्या लागतात आणि माल पोचवल्याची कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळावे लागतात. टक्केवारीवर असाल तर फ्रेट बिलाची, म्हणजे कंपनीने ग्राहकाला लावलेल्या वाहतुकीच्या बिलाची, प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. द्यायला कां-कू करणाऱ्यांपासून लांबच राहा. एस्क्रो, म्हणजे कंपनीने ठेवून घेतलेली तुमची अनामत, करार संपल्यावर ४५ दिवसांत परत यायला हवी, पण करारात नमूद रकमा त्यातून वळत्या होतात. पैसे अडकतात ते बहुधा इथेच, म्हणून ते कलम दोनदा वाचा.

सही करण्याआधी कंपनीचा डीओटी नंबर (वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) ‘सेफर’ या सरकारी संकेतस्थळावर टाकून आउट-ऑफ-सर्व्हिसचं, म्हणजे तपासणीत गाडी किंवा चालक जागीच थांबवला गेल्याचं, प्रमाण राष्ट्रीय सरासरीशी ताडून बघा. रेकॉर्ड खराब असेल तर वजनकाट्यावर तुमचीही गाडी जास्त वेळा थांबवली जाते.